भाड्याची गाडी ‘चालूच नाही होऊन राहिली’? फोन करायच्या आधी हे बघा

नागपुरात वर्धा रोडवर सेल्फ ड्राइव्हच्या गाड्या देण्याच्या धंद्यात काही वर्षं काढली की फोनच्या वेळा पाठ होतात. सोनेगावला विमानतळावरून गाडी नेणाऱ्यांचा पहिला फोन गाडी हलण्याआधीच येतो, दुसरा पेट्रोल पंपावरून, आणि तिसरा रात्री गाडी घरासमोर लावल्यावर. “भाऊ, गाडी चालूच नाही होऊन राहिली.” “टाकीचं झाकण कुठून उघडते जी?” “बंद केली, पण बंदच नाही झाली. सारखी वाजून राहिली.”

यातल्या फार थोड्या फोनांवर मेकॅनिक पाठवावा लागतो. बाकी ठिकाणी गाडी ठणठणीत असते. हल्लीच्या गाड्या चालू व्हायला, हलायला, बंद व्हायला काही अटी घालतात: ब्रेक दाबलेला हवा, गिअर ठरलेल्या जागी हवा, किल्ली आत हवी, दार लागलेलं हवं. एक अट राहिली की गाडी पोळ्याच्या बैलासारखी जागच्या जागी अडते. कशासाठी अडली ते ती सांगतही असते, पण स्पीडोमीटरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात, आणि तिकडे कोणाचं लक्ष नसतं. म्हणून फोनवर मी आधी विचारतो, “समोर मीटरमध्ये काय लिहून आलं?” अर्धे प्रश्न त्या वाक्यालाच सुटतात. उरलेल्या अर्ध्यांसाठी हा लेख.

बटण दाबलं, दिवे लागले, इंजिन लागलं नाही

हा सगळ्यांत जास्त येणारा फोन. घरी किल्ली फिरवायची गाडी असते, भाड्याने मिळते बटणवाली. बटण एकदा दाबलं की म्युझिक सुरू होतं, दुसऱ्यांदा दाबलं की सगळे दिवे लागतात, तिसऱ्यांदा दाबलं की सगळं बंद. लोक दाबत राहतात आणि हेच चक्र फिरत राहतं. इंजिन चालू व्हायचं तर बटण दाबताना पाय ब्रेकवर हवा. हाताच्या गिअरची गाडी असेल तर क्लच तळापर्यंत दाबलेला हवा, अर्धा नाही. क्लचची अट किल्ली फिरवायच्याही बऱ्याच गाड्यांत असते.

इथे एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. इंजिन बंद असताना चारपाचदा ब्रेक मारला की पेडल दगडासारखं कडक होतं. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम संपलेला असतो, म्हणून. मग पाय पेडलवर असतो, पण पेडल खाली गेलेलं नसतं आणि गाडीला वाटतं ब्रेक दाबलाच नाही. अशा वेळी टाच सीटखाली सरकवून, नीट जोर लावून पेडल दाबून धरा आणि बटण एकदाच दाबा. काही गाड्यांत ब्रेक पुरेसा दाबला गेला की बटणावरचा छोटा दिवा हिरवा होतो. तो हिरवा होईपर्यंत बटणाला हात लावू नका.

स्टिअरिंग लॉक हा याचाच भाऊ. गाडी बंद असताना कोणी स्टिअरिंगला धरून उतरलं, लहान मुलांनी फिरवून पाहिलं, की ते लॉक होतं. मग किल्ली फिरत नाही किंवा बटणाला दाद मिळत नाही. किल्लीवर जोर लावू नका, तुटते. एका हाताने स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलकं हलवत दुसऱ्या हाताने किल्ली फिरवा, किंवा बटण दाबा. खट् असा आवाज येतो आणि सुटतं.

किल्ली खिशात कोणाच्या आहे?

मागच्या लग्नसराईतला प्रकार. एक जोडपं पुण्याहून आलेलं, गाडी आमच्याकडून घेतलेली. नवऱ्याला विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला जायचं होतं. संत्रा मार्केटच्या बाजूने स्टेशनवर सोडलं, इंजिन चालूच होतं, तो बॅग घेऊन उतरला, ताई सरकून ड्रायव्हरच्या जागेवर बसल्या आणि मनीष नगरला निघाल्या. वाटेत भाजी घ्यायला थांबल्या, गाडी बंद केली. नंतर ती काही केल्या चालू होईना. किल्ली दादांच्या खिशात होती आणि दादा वर्ध्याच्या पुढे गेले होते.

बटणवाल्या गाडीचा स्वभावच असा आहे. चालू होताना ती किल्ली शोधते. एकदा चालू झाली की किल्ली दूर गेली म्हणून मध्येच इंजिन बंद करत नाही, कारण चालत्या गाडीत तसं करणं घातक. किल्ली बाहेर गेली की ती वाजते आणि मीटरमध्ये किल्लीचं चित्र दाखवते. स्टेशनसमोरच्या हॉर्नच्या गदारोळात ते कोण ऐकणार? तेव्हा कोणालाही सोडायला जाल तर उतरणाऱ्याचे खिसे आधी तपासा. घोटाळा वाटेत लक्षात आला तर गाडी बंद करू नका, तशीच चालू ठेवून किल्लीपर्यंत जा. बंद केलीच असेल तर दुसरी किल्ली आमच्यासारख्या गाडीवाल्याकडे असते. ती मागवण्याशिवाय इलाज नाही.

किल्ली जवळ आहे, तरी गाडी “किल्ली सापडत नाही” म्हणते? तर ती मोबाइलला चिकटून ठेवली आहे का बघा. मोबाइल, चार्जर, पॉवर बँक यांच्यामुळे किल्लीचा सिग्नल अडतो. वेगळ्या खिशात ठेवा. तरी नाही झालं तर किल्लीतला सेल उतरलाय, आणि भाड्याच्या गाड्यांच्या किल्ल्या इतक्या हातांतून फिरतात की हे नेहमीचं आहे. सेल उतरलेल्या किल्लीनेही गाडी चालू होते. ब्रेक दाबा आणि किल्लीच स्टार्टच्या बटणाला टेकवून बटण दाबा. मारुती, ह्युंदाई, टोयोटाच्या बहुतेक बटणवाल्या गाड्यांत हे चालतं. काही गाड्यांत किल्ली ठेवायची जागा वेगळी असते, ती गाडीच्या पुस्तकात दाखवलेली असते.

दारच उघडत नसेल तर त्या प्लास्टिकच्या किल्लीच्या पोटात लोखंडी किल्ली दडवलेली असते. बाजूला छोटा खटका असतो, तो दाबून ओढली की निघते. ती ड्रायव्हरच्या दाराच्या कुलपात चालते. कुलूप काही गाड्यांत हँडलवरच्या छोट्या टोपणाखाली लपवलेलं असतं. अशा किल्लीने दार उघडलं की अलार्म बोंबलायला लागतो. घाबरू नका, गाडी चालू केली की तो गप्प होतो. धरमपेठेत रात्री अकराला हे झालं तर शेजारी खिडक्या उघडून बघतात, तेवढंच.

ऑटोमॅटिक बंद होत नाही, आणि दुसरी ऑटोमॅटिक उभी राहत नाही

“बंद केली तरी मीटर चालूच आहे” असा फोन आला की गिअर कशात आहे ते विचारायचं. ज्या ऑटोमॅटिकमध्ये पी म्हणजे पार्किंगची जागा आहे, ती पीमध्ये गिअर गेल्याशिवाय पूर्ण बंद होत नाही. इंजिन थांबतं, पण वीज चालू राहते. किल्लीची गाडी असेल तर किल्ली निघतच नाही. तसंच सोडून गेलात तर सकाळी बॅटरी उतरलेली. उलटंही होतं: पीमधून गिअर बाहेर निघत नाही, कारण ब्रेक दाबलेला नसतो. दांड्यावरचं बटण आणि पायाखालचा ब्रेक, दोन्ही एकाच वेळी.

खरा गोंधळ एएमटीचा आहे. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओत पहिल्यांदा आणली तेव्हापासून स्वस्त ऑटोमॅटिक म्हणजे एएमटी, आणि भाड्याच्या छोट्या गाड्यांत तीच जास्त. वस्तुतः ही आपली नेहमीचीच हाताच्या गिअरची पेटी. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम एक मशीन करतं. तिच्यात सहसा पी नसतोच. लोक पी शोधत बसतात. तिला उभी करायची तर गिअरमध्येच ठेवून, हँडब्रेक ओढून बंद करायची. चालू करताना मात्र गिअर एनवर, म्हणजे न्यूट्रलला, आणि पाय ब्रेकवर. डीमध्ये, म्हणजे पुढे जायच्या गिअरमध्ये, बंद केलेली एएमटी डीमध्येच चालू करायला गेलात तर ती नाहीच म्हणणार.

एएमटी गिअर बदलताना क्षणभर मान डोलावते. गाडी खराब आहे असं समजून कितीतरी जणांनी मला चौकातूनच फोन केलाय. ती तिची चाल आहे. बदलाच्या वेळी पाय ॲक्सिलरेटरवरून किंचित हलका केला की धक्का कमी लागतो. चढावर मात्र तिला नुसत्या ॲक्सिलरेटरवर धरून ठेवू नका. रामझुल्यावर किंवा एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर गर्दीत अडकलात तर ब्रेकवर थांबा, नाहीतर क्लच तापतो, मीटरमध्ये सूचना येते आणि मग खरोखर थांबावं लागतं.

हाताच्या गिअरच्या गाडीत प्रश्न एकच, रिव्हर्स. तो कुठे आहे हे गिअरच्या मुठीवरच्या चित्रात असतं. कसा टाकायचा हे नसतं. तीन पद्धती आहेत. मुठीखालची कडी बोटांनी वर उचलून, मूठच खाली दाबून, नाहीतर सरळ उजवीकडे खाली ओढून. फोक्सवॅगन आणि स्कोडामध्ये मूठ खाली दाबावी लागते. काऊंटरवरून गाडी घेताना एकदा टाकून बघा. गल्लीत समोर ट्रक आल्यावर शोधू नका.

हँडब्रेकचा दांडाच नाही

सीटच्या मध्ये दांड्याऐवजी एक छोटं बटण असतं, त्यावर वर्तुळात पी. वर ओढलं की ब्रेक लागतो, पायाने ब्रेक दाबून बटण खाली दाबलं की सुटतो. काही गाड्यांत ॲक्सिलरेटर दिला की आपोआप सुटतो, पण त्यालाही अट: पट्टा लावलेला हवा, दारं, बॉनेट, डिक्की बंद हवी. डिक्की अर्धवट लागलेली असली की गाडी जोर करते आणि हलत नाही. नागपुरात हे हमखास होतं, कारण लग्नाचं सामान कोंबलेलं असतं आणि डिक्की खटकन लागलेली नसते.

शेजारचं ऑटो होल्डचं बटण वेगळं. ते चालू असेल तर सिग्नलला थांबल्यावर पाय उचलला तरी गाडी जागची हलत नाही. सवय नसलेल्याला वाटतं ब्रेक जाम झाला. ॲक्सिलरेटर हलका दाबा, सुटते. मला स्वतःला हे फीचर व्हरायटी चौकाच्या गर्दीत फार सोयीचं वाटतं. पार्किंगमध्ये इंच इंच सरकवताना मात्र बंद करावं.

सिग्नलवर इंजिन बंद पडतं, वर एसी गरम मारतो

बंद पडत नाही, बंद केलं जातं. पेट्रोल वाचवायला गाडी थांबली की इंजिन थांबतं आणि निघताना पुन्हा लागतं. हाताच्या गिअरमध्ये न्यूट्रल करून क्लच सोडला की थांबतं, क्लच दाबला की लागतं. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे असताना लांबलचक सिग्नलवर इंजिन थांबलं की एसीचा कॉम्प्रेसरही थांबतो, फक्त पंखा फिरत राहतो. डॅशबोर्डवर गोल बाणाच्या आत ए असं बटण शोधा, दाबा, बंद होतं. पण गाडी बंद करून पुन्हा चालू केली की हे फीचर परत सुरू होतं. दर वेळी दाबावं लागतं. चिडचिड होते खरी.

यातला एक खाचखळगा लक्षात ठेवा. इंजिन असं थांबलेलं असताना ड्रायव्हरने पट्टा काढला किंवा दार उघडलं, समजा मागच्या दाराला अडकलेला दुपट्टा सोडवायला, तर बऱ्याच गाड्या आपोआप चालू व्हायचं सोडून देतात. मग क्लच दाबून काही होत नाही, मागचे हॉर्न वाजवतात आणि माणूस बॅटरी गेली असं समजतो. सुरुवातीपासून चालू करायची: गिअर एनवर, क्लच किंवा ब्रेक, बटण.

समृद्धीवर सारखं टिंग टिंग

शिवमडक्याहून समृद्धी महामार्गाला लागलात की थोड्याच वेळात हा प्रश्न येतो. ऐंशीच्या वर गेलं की मिनिटा-मिनिटाला वाजतं आणि १२०च्या वर थांबतच नाही. हा बिघाड नाही, आणि बंद करायचं बटणही नाही. १ जुलै २०१९पासून बनलेल्या प्रत्येक कारमध्ये हा आवाज कायद्यानेच आहे. मागचे पार्किंग सेन्सर आणि पुढच्या दोन्ही सीटच्या पट्ट्यांची टोचणी त्याच तारखेपासून आली. ७०१ किलोमीटरचा रस्ता, कारला १२०ची मर्यादा, म्हणजे मुंबईपर्यंत ८०चा आवाज सोबतीला असणारच. म्युझिक लावा.

गाडी ८०च्या पुढे जातच नसेल, ॲक्सिलरेटर तळाला नेला तरी, तर ती वेगळी गोष्ट. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या, म्हणजे भाड्याने स्वतः चालवायच्या काही गाड्यांना स्पीड गव्हर्नर, म्हणजे ठरलेल्या वेगापुढे जाऊ न देणारं यंत्र, बसवलेला असतो. इंजिन दमलंय असं समजून तिला ओरबाडू नका. समृद्धीने लांब जायचं असेल तर गाडी ठरवतानाच विचारा, गव्हर्नर आहे का. कुणी विचारत नाही, आणि मग सिंदीजवळून फोन येतो.

मीटरमध्ये पिवळा घोड्याच्या नालासारखा आकार आणि त्यात उद्गारचिन्ह दिसलं तर टायरची हवा. हवा किती हवी ते ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावरच्या स्टिकरवर असतं. तो आकडा गार टायरचा असतो. उन्हात उभ्या असलेल्या किंवा पळून आलेल्या टायरची हवा जास्तच दिसते. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की साधारण एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) वाढते. तापलेल्या टायरमधून ती “जास्तीची” काढून टाकू नका, गार झाल्यावर टायर कमी हवेवर राहतो, आणि समृद्धीच्या काँक्रीटवर १२०ने पळवायला तोच धोक्याचा. सकाळी निघण्याआधी भरा.

स्टिअरिंग स्वतःच ओढतं

मोठ्या गाड्यांत ॲडास, म्हणजे ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा, आलंय. काचेच्या वर कॅमेरा असतो, तो रस्त्यावरचे पांढरे पट्टे बघतो. इंडिकेटर न देता पट्टा ओलांडला की स्टिअरिंग परत आत ओढतो. समृद्धीवर ही सोय चांगली आहे. गावात, जिथे पट्टे अर्धे पुसलेले आणि आपण दर दहा फुटांवर रिक्षा चुकवतो, तिथे हा नुसता झगडा. स्टिअरिंगवर किंवा उजव्या गुडघ्याजवळ दोन रेघांमध्ये गाडीचं चित्र असलेलं बटण असतं. काही गाड्यांत नुसतं दाबून पुरत नाही, दाबून धरावं लागतं. आपोआप लागणारा ब्रेक मात्र बंद करू नका असं माझं मत, भले इतवारीत बाईक आडवी आली की तो एकदम किंचाळतो.

इंडिकेटर द्यायला गेलात आणि वायपर फिरला? गाडी युरोपीय कंपनीची आहे. फोक्सवॅगन-स्कोडात इंडिकेटर डावीकडे, वायपर उजवीकडे. दिव्यांचं बटण दांडीवर नसून डॅशबोर्डवर गोल असतं. एका दिवसात हात बसतो.

पंपावर

टाकी कोणत्या बाजूला? मीटरमधल्या पंपाच्या चित्राशेजारी छोटा त्रिकोण असतो, तो ज्या बाजूला टोक करतो त्या बाजूला. झाकण उघडायला तीन जागा बघा: ड्रायव्हरच्या सीटजवळ खाली दांडी, दारावर किंवा डॅशबोर्डवर बटण, आणि तिसरं म्हणजे काहीच नाही, झाकणच दाबायचं. हा तिसरा प्रकार फसवतो, कारण ते झाकण गाडीची दारं अनलॉक असतील तरच उघडतं. आत बसून सेंट्रल लॉक लावलेलं असतं आणि पंपावरचा पोरगा बाहेरून ठोकत बसतो. लॉक काढा, झाकणाच्या मागच्या कडेवर दाबा.

सीएनजी असेल तर भरताना सगळ्यांनी उतरायचं, हे पंपवाले सांगतातच. ते सांगत नाहीत ते असं: गॅसच्या तोंडाचं झाकण नीट लागलं नाही तर मारुती आणि टाटाच्या कंपनी-फिटेड गाड्या चालूच होत नाहीत. तिथे एक बारीक स्विच असतो. गॅस भरून झाल्यावर गाडी मेली असं वाटलं तर खाली उतरून झाकण परत दाबा.

काही डिझेल गाड्यांत निळ्या झाकणाची दुसरी छोटी टाकी असते, ती युरियाच्या द्रावणाची, धूर स्वच्छ करायला. त्यात डिझेल गेलं तर खर्च मोठा. पंपावर नळी लावण्याआधी खाली उतरून उभे राहा, आणि त्या द्रावणाची सूचना मीटरमध्ये आली तर आम्हाला लगेच कळवा, कारण ते संपलं की पुढच्या वेळी इंजिन लागत नाही.

काच, एसी, फोन

एसीचा पंखा फिरतो पण गार होत नाही? एसी लिहिलेल्या बटणाचा दिवा लागलाय का बघा. पंखा आणि एसी ही दोन वेगळी बटणं आहेत. उन्हाळ्यात उभी राहून तापलेल्या गाडीत आधी काचा उघडून मिनिटभर चालवा, मग काचा लावून आतली हवा फिरवणारं बटण दाबा, गाडीच्या आत वळलेला बाण असतो ते. पावसात याच्या उलट: आतून काच धुरकट झाली की तेच बटण बंद करा, बाहेरची हवा येऊ द्या, एसी चालू ठेवा आणि पुढच्या काचेवर हवा मारणारं बटण दाबा. लोक एसी बंद करून फडक्याने पुसत बसतात, काच परत धुरकट होते. हवेतलं पाणी एसीच काढतो.

मागच्या काचा खाली होत नाहीत ही तक्रार लहान मुलं असलेल्या घरातून येते. ड्रायव्हरच्या दारावरचं काच-लॉकचं बटण कोणाच्या तरी कोपराने दाबलं गेलेलं असतं. मागचं दार आतून उघडत नसेल तर दाराच्या कडेवरचा मुलांसाठीचा खटका आधीच्या माणसाने लावून ठेवलाय.

मोबाइल जोडताना दोनच अडचणी येतात. एक, गाडीत दोन-तीन यूएसबी असतात पण स्क्रीनला जोडलेला एकच असतो, सहसा पुढचा. बाकीचे नुसते चार्जिंगचे. दोन, वायर नुसती चार्जिंगची असते. चहाच्या टपरीशेजारी घेतलेल्या वायरीवर अँड्रॉइड ऑटो येणार नाही. ब्लूटूथच्या यादीत आधीच्या दहा जणांची नावं भरलेली असतील तर त्यातली काढा, नवीन मोबाइल जुळत नाही याचं कारण बहुधा तेच. परत देताना तुमचंही नाव काढून टाका. परवा एका गाडीत कोणाच्या तरी सगळ्या नातेवाइकांचे नंबर स्क्रीनवर होते, “मावशी रामटेक” सकट. उन्हात वायरलेस चार्जिंग बंद पडलं तर तो मोबाइल तापल्याचा परिणाम, गाडीचा नाही.

दिव्यांचे रंग

लाल म्हणजे बाजूला घेऊन थांबा, पिवळा म्हणजे चालवू शकता पण लवकर दाखवा, हिरवा-निळा म्हणजे माहिती. थंड इंजिनवर काही गाड्यांत निळा थर्मामीटर दिसतो. पाच मिनिटांत जातो, त्याच्यासाठी फोन नको. तोच थर्मामीटर लाल झाला किंवा लाल तेलाची बुधली दिसली तर एक किलोमीटरही पुढे नेऊ नका, फोन करा.

बीएस-६, म्हणजे धुराच्या कडक नियमाच्या, डिझेल गाडीत एक्झॉस्टच्या डब्यात ठिपके भरल्यासारखं पिवळं चित्र आलं तर फिल्टर काजळीने भरलाय. नुसती सदर ते सीताबर्डी अशी फिरवलेली गाडी हे दाखवतेच. अमरावती रोडला किंवा जबलपूर रोडला काढा आणि पंधरा-वीस मिनिटं न थांबता एका वेगात चालवा. बहुतेक वेळा दिवा जातो. तेवढ्याने नाही गेला तर गाडी बदलून घ्या, ती जबाबदारी तुमची नाही.

तरीही अडलंच तर

फोन कराच, संकोच नको. पण “पांढरी गाडी आहे” एवढ्यावर आम्हाला काही सांगता येत नाही. एकाच मॉडेलमध्ये चार प्रकारच्या किल्ल्या आणि तीन प्रकारचे गिअर असतात. गाडीचा नंबर सांगा, गिअर कोणत्या अक्षरावर आहे ते सांगा, आणि मीटरचा फोटो काढून पाठवा. फोटो काढताना इग्निशन चालू ठेवा, बंद मीटरवर काही दिसत नाही. गाडीचं पुस्तक डॅशबोर्डच्या खणात नसेल, आणि भाड्याच्या गाडीत ते बहुधा नसतंच, तर कंपनीच्या साइटवर मॉडेल आणि वर्षाप्रमाणे पीडीएफ फुकट मिळते. विमानतळाच्या वायफायवरच उतरवून घ्या, कारण पेंचच्या गेटवर रेंज शोधत फिरावं लागतं.